उपाशी अळ्यांची तिसरी पिढी

नवरा सकाळी अळ्या मारायला जायचा आणि बायको अळ्या वाढवायला. दोघं एकाच फाटकातून बाहेर पडायचे. तो पाठीवर फवारणीचा पंप लटकवून डावीकडे कोबीच्या रानात, ती हातात डबा घेऊन उजवीकडे संशोधन केंद्रात. अळी तीच, जात तीच. संध्याकाळी दोघं परत आले की सासू विचारायची, "आज कोण जिंकलं?" सून जिंकलेली असायची, कारण तिच्या अळ्या जगत होत्या. नवऱ्याच्याही अळ्या जगत होत्या. म्हणजे खरं तर अळ्याच जिंकत होत्या, पण जेवताना असलं कोण बोलणार.

गावात तिला कुणी नावानं हाक मारत नसे. ती अळीवाली. कोपऱ्यावरच्या घरातला ट्रॅक्टरवाला तर ती दिसली की टायरवर बसल्या बसल्या सुरू व्हायचा.

"काय अळीवाले, डब्यांची झाकणं नीट लावून येतेस ना? नाही, आमच्या कोबीत रोज नवीन पाहुणे. म्हटलं, तुझ्या पोरी माहेरपणाला येत असतील."

"तुमच्या कोबीत कशाला येतील? काही खायला उरलंय का तिथे?"

"ते पण आहे," ट्रॅक्टरवाला म्हणायचा आणि पुन्हा नटाला पाना लावायचा.

त्या उन्हाळ्यात कुणाच्याच कोबीत काही उरलं नव्हतं. ऊन असं पडलं होतं की बाहेरची पानं चामड्यासारखी झाली होती, आणि त्यांना चाळणीसारखी भोकं. नवरा आठवड्याआड फवारायचा. पंपाचा वॉशर गेलेला, औषध पाठीवर झिरपायचं, सदऱ्याखाली कातडी लाल होऊन सोलायची. औषधाचा असर आता फक्त नवऱ्यावर होत होता. अळीला काडी लावली की ती ऐटीत मागे सरकायची, धाग्याला लोंबकळायची, आणि तो वळला की पुन्हा वर चढायची. लोक म्हणायला लागले की हा औषधात पाणी जास्त घालतो. रोजंदारीवर दुसऱ्यांच्या रानात फवारायची कामं त्याला मिळायची, तीही बंद झाली. त्यानं एकदा चारचौघांत बाटली उघडून सगळ्यांसमोर मिसळून दाखवलं. सगळे म्हणाले, "समोर बरोबर करतोस रे."

केंद्रात सून हंगामी होती. हंगाम किती आले आणि गेले, ती हंगामीच. पण यंदा मॅडमनी शब्द दिला होता. मॅडम म्हणजे केंद्रातल्या किड्यांच्या शास्त्रज्ञ. चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणाऱ्या. त्यांनी एकाच मादीच्या अंड्यांचे दोन वाटे केले होते. एका वाट्याला थंड खोली आणि कोवळं पान, पाहिजे तेवढं. या लाडाच्या. दुसऱ्या वाट्याला गरम खोली आणि जून पान, तेही एक दिवसाआड, हाताएवढा तुकडा. या उपाशी. आज्या अशा वाढल्या, मग आया अशा वाढल्या. आता नातींची अंडी फुटायच्या बेतात होती. नाती मोठ्या झाल्या की दोन्हीकडच्यांना औषधात बुडवलेलं पान द्यायचं आणि कोण टिकतं ते बघायचं.

"तिसरी पिढी नीट पार पडली," मॅडम म्हणाल्या होत्या, "की मी साहेबांशी बोलते. तुम्ही कायम."

कायम हा शब्द सुनेनं घरी आणून नवऱ्याला सांगितला. नवऱ्यानं तो दोनदा म्हणून बघितला, नवीन चप्पल घालून बघावी तसा. त्या घरात आजवर कायम असं फक्त ऊन होतं.

आणि नेमकं तेव्हाच केंद्रातलं गारव्याचं मशीन जळालं. मेकॅनिक आला, आत डोकं घालून बराच वेळ राहिला, बाहेर येऊन म्हणाला, "पार्ट लागेल." पार्ट कुठे मिळतो हे त्याला माहीत नव्हतं. थंड खोली दुपारपर्यंत भट्टी झाली आणि गरम खोली त्याहून मोठी भट्टी. मॅडम सुनेला म्हणाल्या, "तुमच्याकडे ती बटाट्याची खोली आहे ना? जाड भिंतीची?"

बटाट्याची खोली सासूची होती. बटाटे संपले की उन्हाळाभर सासू तिथे फरशीवर पाठ टेकून पडायची, तेवढीच त्या घरातली थंडाई. मॅडम स्वतः आल्या, मोठ्या आदबीनं सासूसमोर बसल्या.

"आजी, थोडे दिवस तुमची खोली मिळेल?"

"कुणाला?"

"अळ्यांना."

सासूनं सुनेकडे बघितलं. सुनेनं मान खाली घातली.

"आणि मी?"

वर पत्र्याखालचा माळा होता. तिथे उपाशी तुकडी ठेवायची असं ठरलंच होतं, कारण त्यांना गरम लागायचं. सासूची खाटही मग तिथेच गेली. लाडाच्या अळ्या खाली गारव्यात, आणि म्हातारी वर उपाशांबरोबर. नवरा शिडीवरून खाट चढवताना म्हणाला, "आई, थोडे दिवस." सासू म्हणाली, "मला काय, मी पण तिसरी पिढीच आहे कुणाची तरी."

ट्रे लावून झाल्यावर मॅडम पाणी प्यायला थांबल्या. सासूनं विचारलं, "पण बाई, त्यांना उपाशी ठेवून तुम्हाला काय मिळतं?"

मॅडमनी ग्लास खाली ठेवला. "असं बघा आजी. घर तेच, खोल्या त्याच. पण घरात तंगी आली की आपण काही खोल्यांना कुलूप लावतो, आणि एखादी बंद खोली उघडतो. बरोबर? अळीच्या अंगातही तसंच होतं. ऊन सोसलं, जून पान खाल्लं की काही कुलपं लागतात, काही निघतात. घर बदलत नाही, भिंती त्याच. पण मुलीला घर मिळतं ते त्या कुलपांसकट. नातीलाही. आता जी खोली उघडली तिच्यात औषध पचवायची ताकद असेल तर? आजीनं हाल सोसले म्हणून नात औषधाला दाद देत नाही, असा माझा संशय आहे."

"आमच्याकडे पण तेच झालं," सासू म्हणाली. "तंगी आली आणि माझ्या खोलीला अळ्या लागल्या."

नवरा दारात उभा होता. तो एकदम पुढे आला. "म्हणजे मॅडम, रानातल्या मरत नाहीत त्यात माझी चूक नाही?"

"अजून सिद्ध व्हायचंय."

"पण नसेल."

"पंप गळतो तुमचा," मॅडम म्हणाल्या. "पण हो, नसेल."

त्या दिवशी नवरा पोटभर जेवला. सासू मात्र ताटात बोटं फिरवत राहिली. म्हणाली, "माझी आई सांगायची, मी पोटात होते तेव्हा तिनं कोंडा खाऊन दिवस काढले. म्हणून मी एवढीशी राहिले. आणि मरतही नाही." ती सुनेकडे वळली. "ते कुलूप-बिलूप खरं असेल गं."

मग मॅडम पार्ट शोधायला मोठ्या ऑफिसला गेल्या, आणि अळ्यांचं सगळं सुनेवर आलं.

उजाडलं की ती रानात उतरायची. गड्ड्यांच्या आतली कोवळी पानं एका टोपलीत, बाहेरची जून पानं दुसऱ्या टोपलीत. नवरा शेजारच्या ओळीत पंप मारत असायचा. "ही ओळ सोड," ती ओरडायची, "इथलं पान मला न्यायचंय." मग तो एक ओळ अळ्यांसाठी सोडून बाकीच्या ओळींतल्या अळ्या मारायचा. मग घरी येऊन पानं धुवायची, फडक्यानं पुसायची. खालच्या खोलीत ट्रे उघडले की गार हवा तोंडावर यायची आणि लाडाच्या अळ्या डोकंसुद्धा वर न करता खात असायच्या, पोपटी, गुबगुबीत, वाढदिवसाला आलेल्या पोरांसारख्या. ते झालं की कंबरेला पदर खोचून शिडी. माळ्यावर डोकं घातलं की पत्र्याची धग डोक्यात शिरायची. उपाशी अळ्या बारीक, फिकट, ट्रेच्या कडेनं फिरत राहायच्या. रोज सकाळी दोन-चार मेलेल्या असायच्या, वाळून दोरा झालेल्या. ती चिमट्यानं उचलून बशीत ठेवायची. सासू खाटेवरून ओला फडका कपाळावर धरून बघायची.

"आज किती?"

"तीन."

"त्या कडेच्या ट्रेमधली, ती लंगडी होती ती?"

"आई, अळी लंगडी कशी असेल?"

"तू रोज खाली जातेस. मी त्यांच्यात राहते."

दिवसातून दोनदा केंद्रात जाऊन झाडलोट करायची, परत येऊन ट्रे धुवायचे, पाण्याच्या बादल्या वर चढवायच्या, आणि संध्याकाळी नवऱ्याच्या पाठीला ओलं फडकं लावायचं. एकदा ट्रेमधली अळी समजून तिनं ताटातली कोथिंबिरीची काडी चिमट्यानं उचलून बशीत ठेवली. कुणी हसलं नाही. नवऱ्यानं बशी सरकवून दिली.

मग एका सकाळी माळ्यावर कुणीच मेलं नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. उलट अळ्या जरा भरल्यासारख्या दिसायला लागल्या. सुनेनं ट्रे उन्हाकडे धरून पुन्हा मोजल्या आणि मॅडमना फोन लावला.

"एकही नाही? उपाशांमध्ये?"

"नाही मॅडम. आणि अंग धरतायत."

फोनवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मॅडम हसल्या, लहान मुलीसारख्या. "अहो, म्हणजे त्या बदलल्या! तेवढ्याच अन्नावर, तेवढ्याच उन्हात! मी औषधाची चाचणी करीन तेव्हा करीन, पण हे... साहेब इथेच बसलेत, थांबा, सांगते." आणि फोन बंद न करताच त्या सांगायला गेल्या. सुनेला साहेबांचा आवाज ऐकू आला, "मग त्या बाईला घ्या कायम करून, काय अडचण आहे?" ही ओळ तिनं फोन कानाला लावून शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकली.

नवऱ्यानं कोपऱ्यावर जाऊन सगळ्यांना सांगितलं. आजी, कुलूप, नात, सगळं. थोडं उलटसुलट, पण ठासून. ट्रॅक्टरवाला ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "म्हणजे औषधात पाणी नव्हतं."

"नव्हतं."

"मग पुढच्या आठवड्यात आमच्याकडे ये फवारायला. मरणार नाहीतच म्हणतोस, पण ये."

त्या आठवड्यात त्या घरात असं वाटत होतं की कुठली तरी बंद खोली उघडली आहे.

उपाशी तुकडीचे ट्रे धुवायचे होते. सून ओसरीवर बसून तळाचे कागद काढत होती आणि कागदावरच्या लेंड्या झटकत होती. उपाशांच्या लेंड्या काळ्या, कोरड्या, खसखशीसारख्या असतात. या ओल्या होत्या. बोटाला हिरवा डाग लागला. तिनं दुसरा ट्रे उघडला, तिसरा उघडला. कागदाच्या घडीत एक शीर अडकली होती, दोऱ्यासारखी बारीक, मऊ. जून पानाची शीर काडीसारखी असते, ती अळ्यांना खाता येत नाही. ही कोवळ्या पानाची होती.

ती तशीच हात न धुता शिडी चढली.

दुपारच्या जेवणाची वेळ. सासू खाटेवर पाय वर घेऊन बसली होती, पुढ्यात ताट, शेजारी उघडे ट्रे. एक घास ती तोंडात घालायची, मग ओच्यातून लाडाच्यांच्या टोपलीतलं कोवळं पान काढायची, नखानं चिमूटभर तोडायची आणि ट्रेमध्ये ठेवायची. "घे. सावकाश. कुणी मागे लागलं नाही. तू खाल्लंस मघाशी, सरक, तिला खाऊ दे."

"आई."

सासूनं ओचा झाकला. मग उगाच झाकला असं वाटून पुन्हा सोडला.

"कधीपासून?"

"ती लंगडी मेली त्या दिवसापासून."

"आई, अहो, तुम्हाला माहीत होतं ना? मॅडमनी तुमच्यासमोर सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. कळलं पण होतं." सासूनं ताट बाजूला सारलं. "पण ती सगळी समोर तोंड वर करून फिरतायत आणि मी एकटी जेवू? घास उतरतो का असा? तू जेवून बघ इथे बसून."

"त्या अळ्या आहेत."

"अळ्याच आहेत. त्यांच्या आजीनं सोसलं, बरं. आईनं सोसलं, ते पण बरं. पण तिसरीला पोटभर मिळावं म्हणूनच मागच्या दोघी सोसतात ना? नाहीतर कशाला सोसायचं? आम्ही कशाला सोसलं?"

सुनेनं ट्रे स्वतःकडे ओढला. घामाचा थेंब नाकावरून ट्रेमध्ये पडला आणि एक अळी धाग्यावर लोंबकळली. सून शिडीच्या वरच्या पायरीवर तशीच उभी राहिली, अर्धी माळ्यावर, अर्धी खाली.

संध्याकाळी नवऱ्याच्या पाठीला फडकं लावताना तिनं सांगितलं. त्याची पाठ ताठ झाली.

"मॅडमना कळलंय?"

"नाही. उद्या येतायत. पार्ट मिळाला. चाचणीचं सामान घेऊन येतायत."

"मग कळायची काय गरज आहे?"

"अहो."

"ऐक तर. रानातल्या मरत नाहीत हे खरं ना? मग मॅडम म्हणतात ते खरंच असणार. फक्त माळ्यावरचा पुरावा खोटा. गोष्ट खरी असली तर पुरावा खोटा असून काय बिघडलं?"

"आणि गोष्ट खरी नसली तर?"

"मग मी औषधात पाणी घालतो, असं होईल." तो थांबला. "तुला कायम व्हायचं नाही का?"

"व्हायचंय."

"मग झालं."

"अहो, लोक ते ऐकून फवारणार. सगळे. मॅडम सांगतील की उन्हात फवारणी अशी करा, तशी करू नका, आणि ते सगळं आईंच्या ओच्यातून निघालेलं असणार."

नवऱ्यानं सदरा उचलून मांडीवर घेतला. "आमच्या आईचं ऐकून आजवर कुणाचं वाईट झालं नाही," तो म्हणाला. पण ते म्हणताना त्याचा स्वतःचा त्यावर विश्वास नव्हता, कारण त्यानं कोबी लावला तो आईचंच ऐकून. "फडकं जरा हळू," तो म्हणाला, आणि विषय तिथेच पडला.

मॅडम सकाळीच आल्या. हातात औषधाची बाटली, काचेच्या बशा, आणि सुनेसाठी साडीचा पुडा. पुडा घ्यायला सुनेनं हात पुढे केला नाही. मॅडम शिडीकडे निघाल्या. "आधी उपाशी बघू. काय म्हणतायत आमच्या नाती?"

"मॅडम, त्यांना चारलं गेलं."

मॅडमनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला होता. "काय?"

"कोवळं पान. रोज. बरेच दिवस."

"कुणी चारलं?"

"घरात चारलं गेलं."

आपल्या भाषेची ही एक मोठी सोय आहे. काम होतं, पण करणारा दिसत नाही. दूध सांडतं, काच फुटते, अळ्यांना चारलं जातं. मॅडमनी वर बघितलं. माळ्यावरून सासूचा चेहरा खाली डोकावत होता, आणि तो चेहरा काही फार अवघड वाक्य नव्हता.

मॅडम पायरीवर बसल्या. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या दमलेल्या दिसत होत्या, फवारून आलेल्या नवऱ्यासारख्या.

"मी साहेबांना सांगून बसले," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम."

"आता सांगावं लागेल की काही झालं नाही. खाल्लं म्हणून जगल्या. याला शास्त्र लागत नाही." त्या जराशा हसल्या. "संशय माझा अजून आहे तसाच आहे. फक्त तेवढाच आहे."

"मग आता?"

"पहिल्यापासून. खालच्या लाडाच्या आहेत ना, त्यांचे पतंग होऊ देत. त्यांच्या अंड्यांचे पुन्हा दोन वाटे. अर्ध्या गारव्यात, अर्ध्या..."

"लाडातल्यांच्या पोरी उपाशी ठेवणार?" वरून आवाज आला.

"अर्ध्या, आजी."

"कुठल्या अर्ध्या?"

मॅडमनी नुसतं सुनेच्या हातातल्या चिमट्याकडे बघितलं.

कायम व्हायचं काय, हे सुनेनं विचारलं नाही. मॅडमनीच सांगितलं. पुन्हा आजी, पुन्हा आई, पुन्हा नात, मग बघू. म्हणजे सुनेची नोकरी आता एका अशा अळीवर अवलंबून होती, जिची आजीसुद्धा अजून जन्माला आलेली नव्हती. मॅडमनी साडीचा पुडा परत नेला नाही. ओसरीच्या कडेवर ठेवून दिला. त्याकडे कुणी बघितलं नाही.

"माळ्यावरच्या ट्रेचं काय करू?"

"गरम पाणी," मॅडम म्हणाल्या. "बाहेर सोडून चालणार नाही. तुमचंच रान आहे शेजारी."

सुनेनं मोठं पातेलं चुलीवर चढवलं. नवरा फवारणीला निघाला होता, पंप पाठीवर, तो फाटकात थांबला. अळ्या मारायचं काम आज पहिल्यांदा बायकोकडे आलं होतं, आणि तिच्या हातून एकही सुटणार नव्हती. तो परत वळला. पंप खाली ठेवून आला आणि एकेक ट्रे माळ्यावरून खाली देऊ लागला. अळ्या भरलेल्या होत्या, हिरव्यागार, पानाच्या तुकड्याला बिलगलेल्या. पाण्याला उकळी आली. सुनेनं ट्रे एकेक करून उपडे केले आणि काठीनं ढवळलं. वाफ तोंडावर आली, उकडलेल्या कोबीसारखा वास आला. शेवटचा ट्रे तिनं दोनदा झटकला.

ट्रॅक्टरवाला कुंपणाशी येऊन उभा राहिला. "काय अळीवाले, काय शिजतंय?" मग त्यानं पातेल्यात बघितलं, तिच्या तोंडाकडे बघितलं. "बरं," तो म्हणाला. नवऱ्याकडे वळून, "आमच्याकडे येतोयस ना?"

"मॅडमचं सिद्ध झालं नाही," नवरा म्हणाला.

"न होऊ दे. ये."

मशीनला पार्ट बसला होता आणि खालच्या खोलीतले ट्रे केंद्रात परत गेले होते. सासूची वळकटी पुन्हा तिथे आली. ती फरशीवर पाठ टेकून पडली, डोळे मिटून. सून पाण्याचा तांब्या ठेवायला आत गेली.

"झालं?"

"झालं."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"वेळ लागला का गं?"

"नाही. पाणी उकळतं होतं."

सासूनं तांब्या जवळ ओढला. बाहेर पंपाचा दांडा वरखाली होऊ लागल्याचा आवाज आला.

"पण पोट भरलेलं होतं ना?"

सुनेच्या बोटाचा हिरवा डाग अजून गेला नव्हता. तिनं तो पदराला पुसला.

"हो आई," ती म्हणाली. "भरलेलं होतं."

"मग ठीक आहे," सासू म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून वळली.

सून उठली. लाडाच्यांसाठी कोवळी पानं तोडायची होती, आणि ऊन आत्ताच डोक्यावर आलं होतं. तिनं टोपली घेतली आणि फाटकातून बाहेर पडली.